आक्कासाठी वाजंत्री

आमच्या आक्काला वाचता येईनासे झाले, त्याला आता दोन वर्षे होतील. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, असे डॉक्टर म्हणतात. कडेकडेचे तिला दिसते, समोरचे दिसत नाही. दारातून कोणी आले की ती चालीवरून माणूस ओळखते. पण चेहऱ्याच्या जागी तिला धुके दिसते. जिने ३६ वर्षे मुलींच्या शाळेत मराठी आणि गाणे शिकविले आणि निवृत्तीनंतर वाचनालयाचे पुस्तक बदलण्याचा वार कधी चुकविला नाही, तिच्यापुढे वयाच्या ८४ व्या वर्षी सबंध दिवस रिकामा येऊन पडला.

ती कुरकुर करणाऱ्यातली नाही. एके दिवशी एवढेच म्हणाली, "अरे, डोळे गेले ते गेले. कान शाबूत आहेत ना? त्यांची काहीतरी सोय कर."

आता कानांची सोय करायची म्हणजे पूर्वी कशी सरळ गोष्ट होती! वाजविणारे यंत्र ही घरातली एक वस्तू असे. तिला ठरलेला कोपरा असे, तिच्यावर भरतकामाचा रुमाल असे, आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस असे. हल्ली यंत्र दिसतच नाही. हातातला मोबाइल तोच. पण त्याच्या पोटात 'प्लेअर' नावाची जी अदृश्य वाजंत्री आपण बसवू, तसा तो वाजतो. असे प्लेअर डझनांनी मिळतात, आणि त्यांतले बहुतेक फुकट मिळतात. भाड्याची जागा बघत हिंडावे, तसा मी सबंध पावसाळा प्लेअर बघत हिंडलो. म्हणजे हिंडलो कुठेच नाही; खुर्चीतच बसलो होतो. पण थकवा मात्र जागा बघितल्याचाच आला.

मोबाइल जुनाच घेतला. नातीने टाकून दिला होता तो. त्यातले सिमकार्ड काढून टाकले. त्यामुळे कर्ज हवे का, विमा हवा का, असे विचारणारे लोक एका फटक्यात गप्प झाले आणि फोनचा निव्वळ गाण्याचा डबा झाला.

त्यात भरायचे काय, हे मात्र ठरलेलेच होते. आमचा दादा १९७१ साली अमेरिकेला गेला. १९७३ च्या पहिल्या खेपेला येताना त्याने एक छोटा कॅसेट रेकॉर्डर आणून आईपुढे ठेवला आणि सांगितले, की पत्रे कमी लिहा, यात बोला. ट्रंककॉल त्या काळी परवडणारा नव्हता. तेव्हा आई कॅसेटमध्ये बोले, आणि अमेरिकेला जाणारा कोणी सापडला की त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ती कॅसेट जाई. अशी पुण्यात अनेक घरे होती. फरक एवढाच, की बहुतेकांनी पुढे त्याच कॅसेटींवर गाणी भरली आणि दादाने एकही पुसली नाही. २००६ साली तो बुटांच्या खोक्यातून १९ कॅसेटी घेऊन आला. १९७३ ते १९८७. आई १९८९ साली गेली.

त्या कॅसेटी मी तेव्हाच तपकीर गल्लीतल्या एका दुकानात देऊन सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "मागचा आवाज साफ करून देऊ का? खरखर जाईल." मी म्हटले, मागचा म्हणजे कोणता? तर त्या खरखरीबरोबर कल्हईवाल्याची हाळी, पाणी आल्याची बादल्यांची घाई आणि आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचा करकरणारा दरवाजा, हे सगळेच जाणार होते. तो वाडा १९९६ साली पाडला. मी म्हटले, राहू दे खरखर.

तर त्या सीड्या इतकी वर्षे कपाटात होत्या. नातीने त्या मोबाइलमध्ये उतरविल्या. १९ कॅसेटी, दोन-दोन बाजू, मिळून ३८ फायली. सुमारे १९ तासांचे बोलणे, आणि जागा लागली एक जीबीहून किंचित जास्त. माझ्या आईचे चौदा वर्षांचे बोलणे नखाएवढ्या कार्डाचा कोपराही भरू शकले नाही.

पहिला अडथळा नावांचा. दुकानदाराने प्रत्येक फायलीला मराठी नाव दिले होते, पण ते युनिकोड सर्वत्र रुळण्याआधीच्या एका फॉन्टमध्ये. त्या काळी मराठीच्या प्रत्येक फॉन्टची लिपी सारखी दिसे, पण आतली अक्षरे निराळी असत. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर 'आई' दिसे आणि नसलेल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. माझ्या मोबाइलवर ३८ ओळी चिवडाच होता. नातीने एका दुपारी बसून सगळी नावे नव्याने घातली.

मग पहिला प्लेअर बसविला. तो फुकट होता, आणि दिसायला झगझगीत. आई सांगत होती, की यंदा लोणच्याला कैरी काही चांगली मिळाली नाही, म्हणून मी... आणि एकदम एक तरुणी मोठ्या उत्साहाने कसल्याशा खेळाचे बक्षीस देऊ लागली.

"ही कोण रे?" आक्का म्हणाली. "आईला बोलू देत नाही ती?"

त्याला त्याच दिवशी निरोप दिला. दुसरा जाहिराती करीत नसे, पण त्याला मोजता येत नव्हते. कॅसेट १ झाल्यावर त्याने कॅसेट १० लावली, मग ११, मग १२. १९ झाल्यावर तो २ कडे वळणार होता. कारण तो आकडे वाचीत नव्हता, अक्षरे वाचीत होता. आणि अक्षरांच्या हिशेबात 'दहा'मधला एक हा 'दोन'च्या आधी येतो. ऐकायला ही गंमत वाटेल. पण आमचे वडील १९८१ साली गेले. ते गेल्याचे आई दादाला सांगते ती कॅसेट बारावी. म्हणजे या प्लेअरच्या राज्यात वडील चौथ्या कॅसेटमध्ये वारले आणि बाराव्या जागी परत येऊन, "हं, प्रकृती सांभाळ, आता तू बोल," असे म्हणून खोकू लागले. आक्का म्हणाली, "बंद कर ते." उपाय साधा आहे, आणि ज्यांच्याकडे असा ऐवज असेल त्यांनी तो ध्यानात ठेवावा: १ ते ९ या आकड्यांमागे शून्य लावावे. ०१, ०२ असे. मग कोणत्याही प्लेअरचे गणित चुकत नाही.

तिसरा व्हीएलसी. याच्याविषयी आदराने बोलले पाहिजे. रस्त्यावर खणताना ठेवतात तसला नारिंगी-पांढरा शंकू ही त्याची खूण. १९९६ च्या सुमारास पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी त्याचा पाया घातला. त्यांना खरे म्हणजे वसतिगृहात संगणकावर खेळ खेळायला वेगवान जाळे हवे होते. नुसत्या खेळासाठी पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी त्या जाळ्यावरून चित्रपट आणि दूरदर्शन दाखवू असे सांगितले, आणि ते दाखविण्यासाठी जे लिहावे लागले त्यातून हा प्लेअर निघाला. २००१ साली त्यांनी तो सर्वांना खुला केला. आजही त्यात जाहिरात नाही, आणि तो चालविणारी संस्था नफ्यासाठी नाही. याला वाजविता येत नाही अशी फाइल मला सापडली नाही. दादाच्या मुलाने कुठल्या कुठल्या प्रकारात पाठविलेले आवाज त्याने काहीही न विचारता वाजविले. २०२२ साली याचे संकेतस्थळ आपल्या देशात फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत बंद होते, हे मला मागाहून कळले. मोबाइलवरच्या प्लेअरला त्याची झळ लागली नव्हती.

पण व्हीएलसी म्हणजे एकत्र कुटुंबाचे स्वयंपाकघर. त्यात सगळे आहे, आणि म्हणून कुठला डबा कुठे आहे हे ज्याला दिसते त्यालाच तो सोयीचा. आक्काचे बोट हवे तिथे पडेना. थांबवायला जावे तर पडद्यावर दुसरेच काही उघडे. तो मी माझ्यासाठी ठेवून घेतला.

मध्येच एक शंका मी नातीला विचारली. सीडीवर होते त्याच्या अकराव्या हिश्श्यात जर हे सगळे मावले, तर बाकीचे दहा हिस्से गेले कुठे? ती म्हणाली, "टाकून दिले, आजोबा." मला धक्काच बसला. मग मी त्याची थोडी माहिती काढली. एमपी३ ही पद्धत मुख्यतः जर्मनीत, एर्लांगेन गावच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी घडविली, आणि फायलीला हे नाव द्यायचे असे त्यांनी १९९५ च्या जुलैत ठरविले. तिचे तत्त्व माणसाच्या कानावर आधारलेले आहे. मंडईत शेजारी भाजीवाला ओरडत असताना आपल्याला मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. मग ती साठवायची कशाला? जे कानाला तसेही कळणार नाही ते वगळायचे, आणि उरलेले बांधून ठेवायचे. या कामातले एक प्रमुख संशोधक कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांची पद्धत मोठ्या वाद्यवृंदावर ठीक चाले, पण सुझान वेगा या गायिकेच्या 'टॉम्स डायनर' या गाण्यापाशी अडली. त्या गाण्याला साथ नाही, एकट्या बाईचा आवाज आहे, आणि त्यात केलेली वगळावगळ लगेच कानाला टोचे. तो आवाज नीट येईपर्यंत ते गृहस्थ तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकत आणि पद्धत सुधारत राहिले.

हे मी आक्काला सांगितले. ती म्हणाली, "बरोबर आहे. तंबोरा नसला की सगळं उघडं पडतं." आणि आईचा आवाज नीट ऐकून तिने निर्वाळा दिला, "आईच आहे." तेव्हा जर्मनांना माझी हरकत नाही. त्यांनी टाकले, पण कानाला विचारून टाकले.

कॅसेटींच्या जोडीला आक्काला 'गीतरामायण' हवे होते. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी, पुणे आकाशवाणीवर त्याचे पहिले गीत लागले तेव्हा ती १४ वर्षांची होती. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत, आणि तेच शनिवारी-रविवारी पुन्हा. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. वर्षाची ५२ व्हायची, पण त्या साली अधिक मास आला म्हणून ५६ झाली. आक्का सांगते, पहिल्या दिवशी शब्द टिपायचे, दुसऱ्या दिवशी राहिलेले भरायचे, तिसऱ्या दिवशी वही मिटून गायचे, आणि मग पुढे काय होणार याची सोमवार ते गुरुवार वाट बघायची. "पुढे काय होणार ते माहीत नव्हतं होय?" मी विचारले. "माहीत होतं रे," ती म्हणाली, "पण कसं होणार ते कुठं माहीत होतं?"

या ५६ गीतांवर मी ज्या प्लेअरची परीक्षा घेतली, त्याला पिसल्याशिवाय पत्ते वाटायचे नाहीत अशी जन्मखोड होती. त्याने आधी रावणाला मारले, मग सेतू बांधला आणि नंतर सावकाश रामाचा जन्म होऊ दिला. ही पिसण्याची कल्पना ज्यांनी काढली त्यांच्या दृष्टीने गाणे म्हणजे गाणे. एकामागून कोणतेही लागले तरी चालते. मला वाटते, प्रत्येक वाजविणाऱ्या यंत्राला ऐकणाराविषयी असे काही मत असतेच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे मत असे होते, की साडेतीन मिनिटांत काय सांगायचे ते सांगा. आमच्या रेडिओचे मत असे होते, की ठरल्या वेळी येऊन बसा, नाहीतर चुकले. पण ती मते उघड असत. ती मोबाइलच्या पोटात शिरून बसलेली नसत.

याचा पुरावा मला पुढच्याच प्लेअरने दिला. तो बोलकी पुस्तके आणि भाषणे ऐकणाऱ्यांसाठी बनविलेला होता. त्याचा गुण असा, की जिथे थांबाल ती जागा तो बिनचूक लक्षात ठेवी. आक्काला दुपारी झोप लागते. उठल्यावर धागा शोधायला नको. मी खूश होऊन तो तिला दिला. तीन दिवस ती ऐकत होती. चौथ्या दिवशी मला हाक आली.

"अरे, आईला झालंय काय? घाईत आहे का ती?"

मी ऐकू लागलो. आई म्हणत होती, "थांब हं, दूध बघून येते, बरं तर काय सांगत होते?" एका दमात! म्हणजे ती दूध बघायला गेलीच नाही. मला ती कॅसेट चांगली आठवत होती. दूध बघून येते म्हणून ती उठते, रेकॉर्डर तसाच चालू. पाऊल वाजते, भांडे वाजते, मग बराच वेळ नुसती दुपार, लांबवर एक कावळा, आणि मग आई परत येते. ते सगळे गेले होते.

नातीने शोधून काढले. त्या प्लेअरमध्ये 'शांतता गाळा' अशी एक सोय होती, आणि ती सुरू होती. आवाज एका ठरावीक पातळीखाली गेला, की प्लेअर समजतो येथे काही नाही, आणि पुढे उडी मारतो. वर त्याचा हिशेबही ठेवतो. आमच्या नावावर तीन दिवसांत ५२ मिनिटे जमा होती. तुमची एवढी मिनिटे वाचली, असे तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. आक्का म्हणाली, "त्यांचं मी करू काय? मला मिनिटं काढायला हवीत म्हणून तर तुला ही सोय करायला सांगितली!"

मी ती सोय बंद केली. मग तिने मागची एक कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. नववी, बाजू ब. १९७९ ची दिवाळी. दादाने आधीच्या कॅसेटमध्ये काहीतरी विचारलेले असणार. तेव्हा तो तिकडे, मी बँकेच्या बदल्यांवर कधी नागपूर कधी सोलापूर, आणि घरी आक्का. ३८ वर्षांची. वडिलांना दम्याने घर सोडवत नव्हते, आईचे गुडघे गेलेले. दोन स्थळे आलेली आणि परत गेलेली. ती कशी परत गेली, हे घरात कधी कोणी बोलले नाही.

शांतता गाळून ती कॅसेट अशी वाजली होती: "चकल्या यंदा छान झाल्या, आक्कानंच केल्या, तिचं विचारलंस तर तिचं बरं चाललंय." बातमीपत्रासारखे.

आता ती जशी होती तशी वाजली. "तिचं विचारलंस तर..." आणि आई थांबली. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक ऐकू येऊ लागला. खाली कोणीतरी सायकल लावली. आईने पदराशी काहीतरी चाळविले, एकदा घसा साफ केला, आणि पुन्हा काही नाही. पडद्यावर मी मोजले: अकरा सेकंद. मग आवाज अगदी खाली आणून, "तिचं बरं चाललंय."

ते रेकॉर्ड झाले तेव्हा आक्का शाळेत असली पाहिजे. हे तिने कधी ऐकलेले नव्हते. २००६ साली मी सीड्या आणल्या तेव्हा ती म्हणाली होती, ऐकू कधीतरी.

आता ती काही बोलली नाही. हात पुढे करून मागे न्यायची खूण केली. मी पुन्हा लावले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी लंबक सुरू झाल्यावर तिने मान किंचित हलविली, मुलींना गाणे शिकविताना समेची वाट बघत हलवी तशी. नंतर म्हणाली, "आईला कळत होतं तर." आणि लगेच, "आता ते दुधाचं लाव. बघू उतू गेलं होतं का."

गेले होते. आईने परत आल्यावर तसे कबूल केले आहे.

शेवटी जो प्लेअर ठरला त्याचे नाव म्युझिकोलेट. त्यात जाहिरात नाही, आणि तो इंटरनेटकडे ढुंकूनही बघत नाही. फायली ज्या कप्प्यात ठेवाव्यात तशाच्या तशा दाखवितो. निरनिराळ्या रांगा ठेवता येतात. एकीत आई, दुसरीत गीतरामायण. आईकडून रामाकडे जाऊन परत आले तरी आई होती तिथेच भेटते. पण आक्काने त्याला पास केले ते कानात घालायच्या वायरीमुळे. त्या वायरीवर एक बटण असते. एकदा दाबले की थांबते किंवा सुरू होते, दोनदा दाबले की पुढचे, तीनदा दाबले की मागचे. पडदा बघायला नको, बोट नेमके पडायला नको. बटण चाचपून सापडते, जपमाळेतल्या मेरुमण्यासारखे. शिकायला तिला एक दुपार लागली. चौथ्यांदा दाबले तर काय होते, हे तिने स्वतःच शोधून काढले. पुढे पळते.

"त्याचं मला काम नाही," ती म्हणाली.

परवा तिने विचारले, या डब्यात आपले बोलणे भरता येते का? म्हटले, येते. दादा आता ८० चा आहे. डेट्रॉइटला असतो, फारसा हिंडत नाही. त्याच्या मुलाने ऐकविले तर तो ऐकेल. मी फोन तिच्यापुढे टेबलावर ठेवला, भरायची खूण दाबली आणि रस्त्यावर ड्रिलने खोदकाम चालू होते म्हणून खिडकी लावायला उठलो.

"असू दे रे उघडी," आक्का म्हणाली. "त्याला कळू दे, काय चाललंय ते." मग तिने घसा साफ केला.